चित्रं हलंनात, म्हणजे पैसे संपले का?

परभणीहून बीसीएला असलेल्या एका मुलाने विचारलंय: "दादा, हॉस्टेलवर आम्ही पाच जणांनी मिळून 'इन्व्हिन्सिबल' या सुपरहिरोंच्या ॲनिमेशन मालिकेचा तिसरा सीझन पाहिला. स्टोरी भारी आहे, पण ॲनिमेशन पार उतरलंय. माणसं नुसती उभी, तोंडं तेवढी हलतात. उडताना तर कागद सरकवल्यासारखं दिसतंय. सगळे म्हणू लागलेत की कंपनीने पैसे कापले आणि ॲनिमेटरांनी आळस केला. तुम्ही या धंद्यातले आहात, खरं काय ते सांगा. आणि मला हेच शिकायचंय, तर शिकू की नको?"

पुढे आठव्या भागापर्यंतचं सगळं फोडून सांगणार आहे. ज्यांचं पाहायचं राहिलंय त्यांनी इथूनच माघारी फिरावं.

लेकरा, तुझी नजर चांगली आहे. उडताना कागद सरकवल्यासारखं दिसतं हे तू ओळखलंस, आणि ते खरोखर तसंच केलेलं असतं. पात्राचं एकच चित्र आणि मागचं आभाळ सरकतंय, एवढाच तो मामला. म्हणजे तुला दिसलं ते बरोबर दिसलं. त्यावरून तू काढलेला अर्थ मात्र अर्धा चुकलाय. आळस म्हणतोस, तो नाही. कंजुषी आहे, पण ती करावीच लागते. ती योग्य जागी झाली का, हा खरा प्रश्न आहे, आणि या सीझनमध्ये काही ठिकाणी ती चुकीच्या जागी झाली असं माझंही मत आहे.

मी या कामात १७ वर्षं आहे. पुण्यात इनबिटवीनर म्हणून लागलो. म्हणजे मोठ्या माणसाने दोन मुख्य ड्रॉइंग काढायची आणि मधली आम्ही भरायची. मग रिगवर काम केलं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पात्राला हलवायचा सांगाडा, आणि आता संभाजीनगरला घरी बसून स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटनुसार कच्च्या चित्रांचा आराखडा, करतो. या मालिकेवर मी काम केलेलं नाही. पण हिशेब सगळीकडे सारखाच असतो, म्हणून आधी तो मांडतो.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं तर त्याला 'ऑन वन्स' म्हणतात. टीव्हीवर ते परवडत नाही, म्हणून एक चित्र दोन फ्रेम थांबवतात, ते 'ऑन टूज'. सेकंदाला १२ चित्रं. आता एक भाग ४५ मिनिटांचा धर. २,७०० सेकंद, ६४,८०० फ्रेम. टूजवर केलं तरी ३२,४०० चित्रं, आणि तीही पडद्यावर एकच माणूस असेल तर. दोघं बोलत असले, मागे चार माणसं चालत असली, की प्रत्येकाची वेगळी. शिवाय प्रत्येक चित्र आधी कच्चं, मग साफ, मग रंगवलेलं. असे आठ भाग. आता तूच सांग, एवढी चित्रं कोण काढणार आणि किती दिवसांत?

म्हणून कुठल्याही मालिकेला ड्रॉइंग मोजून मिळतात, उन्हाळ्यातल्या टँकरसारखी. हे मी उगाच म्हणत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. तेव्हा मी चार दिवस मावशीकडे लातुरात होतो. तिच्या घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं फरशीला, फरशीचं संडासात. आंघोळीला अर्धी बादली. पण दारात माणूस आला की तांब्या काठोकाठ भरून यायचा. तिला कंजूष कुणी म्हणालं असतं का? पाणी कुठे राखायचं आणि कुठे सोडायचं, हे तिला कळत होतं. ॲनिमेशनचा दिग्दर्शक रोज हेच करतो. बसून गप्पा मारण्याच्या प्रसंगात अर्धी बादली, कारण आठव्या भागात पाहुणा येणार आहे आणि तेव्हा तांब्या भरलेला पाहिजे.

ही कंजुषी टीव्हीइतकीच जुनी आहे. अमेरिकेतले कार्टूनवाले हॅना आणि बार्बेरा १९५७ मध्ये टीव्हीसाठी कार्टून करायला लागले तेव्हापासून तिची शिस्त बसली. त्यांच्या योगी अस्वलाला कॉलर आणि टाय का, ठाऊक आहे? थाटासाठी नाही. कॉलरच्या रेषेवर मुंडकं आणि धड वेगळं करता येतं. धड तेच ठेवायचं आणि डोकं तेवढं बदलायचं, जोड कॉलरमागे लपतो. जपानमध्ये १ जानेवारी १९६३ ला 'ॲस्ट्रो बॉय' सुरू झाला, तेव्हा त्याचे कर्ते तेझुका यांनी एकदा काढलेल्या हालचाली जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरल्या. आजही आमच्या तोंडी तो शब्द आहे, 'बँक'. चालणं बँकेत असतं, धावणं बँकेत असतं. आणि थांबलेलं चित्र, सरकणारा कॅमेरा, डोळ्याची एक पापणी, हे सगळं तेव्हापासून आलेलं.

'इन्व्हिन्सिबल'वाल्यांना हे तुझ्या आधी माहीत होतं, आणि त्यांनी त्याची स्वतःच थट्टा करून ठेवलीय. दुसऱ्या सीझनमधला कॉमिकच्या जत्रेतला प्रसंग आठव. मालिकेचा नायक मार्क, त्याला त्याच्या आवडत्या कार्टूनचा कर्ता भेटतो आणि पैसे वाचवायच्या युक्त्या सांगतो: बोलणाऱ्याचं तोंड झाकायचं, पात्रं इतकी लांब दाखवायची की ओठ दिसूच नयेत, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवायचा. आणि तो बोलत असताना पडद्यावर तेच घडत असतं. आमच्या ग्रुपवर तो तुकडा दोन दिवस फिरत होता. बाहेरचा माणूस ती थट्टा बघून हसतो. आम्ही हसलो आणि मग थोडे गप्पही झालो.

माझाच एक किस्सा सांगतो. पौराणिक मालिकेचं काम होतं, स्टुडिओचं नाव नको. चाळीस सैनिकांची फौज दाखवायची होती आणि हातात होते दोन दिवस. मी सहा सैनिक काढले, उलटे-सुलटे केले, भाल्यांचे रंग बदलले आणि धुळीचा एक थर मारला. फौज उभी राहिली. दिग्दर्शक खूश. भाग लागला त्या दिवशी आईला कौतुकाने टीव्हीसमोर बसवली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं झालंय रे. पण मागच्या त्या दोघांचं तोंड एकच कसं? जुळे हायत का?" तेव्हापासून मी धुळीवर भरवसा ठेवत नाही. प्रेक्षकाला पडद्यामागचं काही कळत नसेल, पण त्याला दिसतं सगळं.

आता मुख्य गोष्ट, हा सीझन.

तिसरा सीझन २०२५ मध्ये ६ फेब्रुवारीला सुरू झाला. पहिले तीन भाग एकदम आले, मग दर आठवड्याला एक, आणि १३ मार्चला संपला. पहिल्या आणि दुसऱ्या सीझनमध्ये अडीच वर्षांहून जास्त वेळ गेला होता, मार्च २०२१ ते नोव्हेंबर २०२३. तेव्हा लोक शिव्या देत होते की एवढा उशीर का. दुसरा सीझन एप्रिल २०२४ मध्ये संपला आणि दहा महिन्यांत तिसरा हजर. आता शिव्या की चित्रं का हलंनात. शिव्या देणारे बहुतेक तेच. 'पैसे कापले' हे वाक्य पडद्याकडे बघून सिद्ध होत नाही, पण हातात वेळ किती होता ते पडद्यावर दिसतं. पैसा आणखी माणसं आणतो, हे खरं. मात्र दहा नवीन माणसांना मार्कच्या नाकाची रेष एकसारखी काढायला शिकवायलाच सहा महिने जातात. हे ज्याने केलंय त्यालाच कळतं.

आळसाचं म्हणशील तर काम कसं जातं ते बघ. आधी संहिता, मग नटांचे आवाज रेकॉर्ड होतात. हो, आवाज आधी, ओठ नंतर. मार्कला स्टीव्हन यून आणि त्याच्या बापाला जे. के. सिमन्स यांचा आवाज आहे, आणि ओठ त्यांच्या बोलण्यावर बसवलेले असतात. मग स्टोरीबोर्ड, मग तो आवाजावर लावून ॲनिमॅटिक. कुठल्या शॉटला किती ड्रॉइंग खर्चायची हे बरंचसं इथेच ठरतं. मग बहुतेक अमेरिकी मालिकांची प्रत्यक्ष चित्रं दक्षिण कोरियासारख्या ठिकाणच्या स्टुडिओत काढली जातात, तिथून परत येतात, चुका निघतात, रीटेक होतात. ज्याला तू आळशी म्हणतोयस तो बिचारा रात्री अडीच वाजता कुणीतरी आधीच ठरवलेल्या चौकटीत एक हात हलवत बसलेला असतो. त्याला त्या शॉटमध्ये आठच ड्रॉइंग दिलीत. त्याने नऊ काढली तर पुढच्या शॉटला सात उरतात.

आणि एक, ते स्क्रीनशॉट. व्हिडिओ मधेच थांबवून वाकडं तोंड पकडायचं आणि "बघा किती घाण काढलंय" म्हणून टाकायचं. ते वाकडं तोंड मुद्दाम काढलेलं असतं. वेगाने फिरणारा हात एका फ्रेमपुरता लांबट, तीन बोटांचा, रबरासारखा काढला तर डोळ्याला वेग जाणवतो. त्याला स्मिअर म्हणतात. धावत्या एसटीचा मोबाईलवर फोटो काढ, चाकं गोल दिसतात का बघ. स्मिअरवर हसणाऱ्याशी मी वाद घालत नाही. पुढे जातो.

कमी चित्रं म्हणजे वाईट, असंही नसतं. २०१८ च्या 'स्पायडर-व्हर्स' या ॲनिमेशन चित्रपटात जंगलातून झोके घेत जाण्याचा प्रसंग आहे. त्यात अनुभवी पीटर वन्सवर आहे आणि नवशिका माइल्स टूजवर. एकाच शॉटमध्ये. पोरगं अडखळतंय हे कुणी बोलून दाखवत नाही, निम्मी चित्रं ते सांगतात. तिथे पैशाला तोटा नव्हता.

मग 'इन्व्हिन्सिबल'ने तांब्या कुठे भरला? आठव्या भागात. कॉन्क्वेस्ट नावाचा खलनायक येतो तिथे.

हे समजावून सांगायला मला आमच्या मोंढ्यात जावं लागेल. माझे वडील अडतीच्या दुकानात मुनीम होते आणि सुट्टीत मी दिवसभर थप्पीवर बसून असायचो. तेव्हा क्विंटलची पोती असायची. हमाल पोतं उचलतो ते आपल्याला वाटतं की हातांनी. नाही. तो आधी खाली जातो. गुडघे वाकतात, पाठ पोत्याखाली सरकते, एक क्षण काहीच होत नाही, आणि त्या क्षणात त्याचा श्वास बंद असतो. मग पाय ताठ होतात आणि डोकं थोडं पुढे जातं. पहिलं पाऊल नेहमी छोटं. दुसरं जरा मोठं. तिसऱ्यापासून तो तालात पडतो. क्विंटलचं वजन कुठे दिसलं? त्या न हललेल्या क्षणात आणि छोट्या पहिल्या पावलात. पोत्यावर वजन लिहिलेलं नसतं, ते माणसाच्या अंगावर वाचायचं.

आता सुपरहिरोच्या मालिकेचा रोग काय आहे? त्यात सगळेच शक्तिमान, त्यामुळे कशालाच वजन नाही. इमारत फेकली काय आणि उशी फेकली काय. 'इन्व्हिन्सिबल'ची कमाई हीच की पहिल्या सीझनपासून त्यांनी वजन राखलं. पहिल्या सीझनच्या शेवटी बाप पोराला धावत्या आगगाडीसमोर धरतो, तो प्रसंग आठव. तिथे हालचाल दोघांची फार नाहीच. गाडी आणि माणसं त्यांच्यावर येऊन आदळतात. म्हणून तो बघवत नाही.

कॉन्क्वेस्टच्या लढाईत बघ. जेफ्री डीन मॉर्गनचा आवाज, एक हात यांत्रिक. त्याचा ठोसा येण्याआधी थांबा आहे, ठोसा स्वतः दोन-तीन चित्रांत संपतो, आणि नंतर पुन्हा लांब थांबा. मार्कचं शरीर त्या मधल्या वेळात उत्तर देतं: मान, मग खांदा, मग पाय, एकामागे एक. सगळं एकदम उडत नाही. शेवटी दोन्ही हात मोडलेला मार्क डोक्यानेच ठोकत राहतो, तिथे प्रत्येक ठोक्यामागे तो आधी मागे जातो, आणि दरवेळी आधीपेक्षा कमी जातो. ताकद संपत आल्याचं कुणी बोललेलं नाही. हमालाची सत्तरावी फेरी आहे ती. हे ज्याने काढलं त्याला सलाम.

आणि त्याच भागात अगदी उलटंही आहे. कॉन्क्वेस्ट मार्कच्या कानाशी येऊन आपल्या एकटेपणाचं बोलतो ती जागा. चित्र जवळजवळ स्थिर. तुझ्या हॉस्टेलचा निकष लावला तर हेही "नुसते उभे, तोंडं हलतात" मध्येच जाईल. पण तिथे कुणी तक्रार केली का? मी तरी ऐकली नाही. कारण तिथे हललं असतं तर बिघडलं असतं.

वेरूळला सोळा नंबरचं लेणं आहे ना, कैलास, तिथे रावण कैलास हलवतोय ते शिल्प जाऊन बघ. परभणीहून लांब नाही, आणि शाळेच्या सहलीत पाहिलं असशील तर ते पाहिलेलं धरू नकोस. खाली रावण, त्याचे सगळे हात जोर लावतायत. पण डोंगर हलतोय हे तुला रावण सांगत नाही. वर पार्वतीने घाबरून शंकराचा हात धरलाय, दासी पळत सुटलीय. आणि शंकर निवांत, पायाने नुसता दाब देतोय. एक पळणारी, एक बिलगलेली, एक निश्चल. दगडात शून्य फ्रेम आहेत आणि तरी धक्का जाणवतो. मी नवीन आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात हाच फोटो दाखवतो आणि विचारतो, यात किती पात्रांना ॲनिमेट कराल? बहुतेक जण रावणापासून सुरू करतात.

आता कुठे चुकलं ते सांगतो, नाहीतर तुला वाटेल दादा आपल्या धंद्याची बाजू घेतोय.

सातवा भाग. अँगस्ट्रॉम लेव्ही हा खलनायक वेगवेगळ्या विश्वांतले दुष्ट मार्क गोळा करून पृथ्वीवर सोडतो. कॉमिकमध्येही ही फार मोठी उलथापालथ होती. (हे कॉमिक २००३ ते २०१८ असं चाललं, १४४ अंक, म्हणजे मालिकेकडे गोष्टीची टंचाई अजिबात नाही.) एवढं युद्ध एका भागात बसवलं. डझनभराहून जास्त मार्क, जगभरची शहरं, जुने-नवे सगळे हिरो. म्हणजे सर्वांत जास्त पात्रं, सर्वांत जास्त जागा, आणि वेळ तेवढाच. मग काय होणार? प्रत्येकाला दोन शॉट. शहरं रिकामी. पळणाऱ्या माणसांचे घोळके म्हणजे माझी सहा सैनिकांची फौज. कोसळलेली इमारत दिसते, पण तिच्यात कुणी राहत होतं असं वाटत नाही. लग्नात दोन हजार माणसांना बोलावून वरण पातळ केल्यासारखं झालं ते. रेक्स या हिरोच्या मरणाला मात्र नीट जागा दिली, आणि म्हणून त्या भागातलं तेवढंच लक्षात राहिलं. चूक ॲनिमेटरची नाही, लिहिणाऱ्यांच्या खोलीत झालेली आहे. चार दुष्ट मार्क आणि दोन शहरं घेतली असती तर तेवढ्याच चित्रांत दुप्पट घाव बसला असता. मला कुणी विचारत नाही, पण स्टोरीबोर्डवाला म्हणून मी तिथे हात वर केला असता.

याउलट सहावा भाग घे. पॉवरप्लेक्स. पहिल्या सीझनमध्ये शिकागोत बाप-लेकाच्या मारामारीत ज्याची बहीण आणि भाची गेली, तो हा माणूस. ॲनिमेशन म्हणून हा भाग साधाच आहे, बराचसा खोल्यांत, बरंचसं बोलणं. कुणी त्याचे तुकडे कापून फिरवले नाहीत. पण मला हा सीझनमधला सगळ्यात घट्ट भाग वाटतो. पहिल्या सीझनमध्ये आपण टाळ्या वाजवत जी पडझड बघितली, तिच्या ढिगाऱ्याखालून हा माणूस चार वर्षांनी उठून आलाय. आणि सूड घेताना तो स्वतःच्याच बायको-पोराचा घात करून बसतो. माझ्या बायकोने हा भाग मधूनच पाहिला, तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. भाग संपल्यावर म्हणाली, "ह्यात चूक कुणाची धरायची मग?" चित्रं किती हलली हे तिने विचारलं नाही.

उडण्याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूचा आहे. उडणं हा या मालिकेचा रोजचा वापर आहे, गावाकडच्या सायकलसारखा. रोजच्या वापराची गोष्ट एकदा चांगली करून बँकेत ठेवायची असते. वळताना अंग आधी वळावं, पाय मागून यावेत, थांबताना थोडं पुढे जाऊन मागे यावं, एवढी चार-पाच उड्डाणं नीट केली असती तर आठ भाग पुरली असती. तसं झालं नाही. मार्क हातपाय न हलवता आभाळातून सरकतो आणि अंगात निळा-काळा नवा पोशाख असूनही जुनाच पुठ्ठा दिसतो. आठव्या भागात हाच माणूस हवेत मार खाताना गटांगळ्या खातो, गरगरतो, सावरतो. म्हणजे जमत होतं.

तर प्रतिक्रिया द्यायचीच असेल तर अशी दे. पाहिलेला भाग आवाज बंद करून पुन्हा लाव. आवाज गेला की युक्त्या उघड्या पडतात. कुठे फक्त जबडा हलतोय, कुठे पाठमोरं बोलणं घातलंय, कुठे कॅमेराच फिरतोय. कागदावर नुसत्या उभ्या रेघा मार: हललं तर रेघ, थांबलं तर टिंब. भागाच्या शेवटी कागदाकडे बघ. रेघांचा गठ्ठा गोष्टीच्या महत्त्वाच्या जागेवर पडलाय का? पडला असेल तर दिग्दर्शकाला कळतंय. भलतीकडेच पडला असेल तर खुशाल लिही की सीझन फसला. यूट्यूबवर ट्रेलर असतात, ते थांबवून कीबोर्डवरचं टिंब दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते आणि स्वल्पविराम दाबला की मागे. एक चित्र किती फ्रेम थांबतंय ते मोज. दोन, तीन, कधी चारही निघेल. मोबाईलवर हे होत नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये जा.

शिकू का म्हणतोस. शीक, पण क्लासच्या बोर्डावरचे हिरो बघून पैसे भरू नकोस. मी स्वतः बारावीनंतर एका इन्स्टिट्यूटला वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतले पैसे भरले होते. दोन वर्षं सॉफ्टवेअरची बटणं शिकवली, माणूस कसा उभा राहतो ते कुणी शिकवलं नाही. नोकरीच्या चाचणीत मला कागद-पेन्सिल दिली आणि सांगितलं, म्हातारा खुर्चीतून उठतोय ते काढ. मी तासभर बसून राहिलो. पुढची दोन वर्षं जे शिकलो ते एका वरिष्ठ ॲनिमेटरच्या मागे उभं राहून, चहा आणून देऊन. बटणं आता तू फुकट शिकू शकतोस. ब्लेंडर फुकट आहे, त्यात ग्रीस पेन्सिल नावाचं चित्रं काढून हलवायचं साधन आहे, तेवढं पुष्कळ झालं. आम्ही जे इनबिटवीनचं काम करून पोट भरलं त्यातलं बरंच आता सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे मधली चित्रं भरणारा होण्याचं स्वप्न धरू नकोस. कुठलं चित्र मुख्य, हे ठरवणारा हो. त्याला गोष्ट कळावी लागते आणि माणूस बघावा लागतो. घरचे "कार्टून काढून पोट भरतंय का?" विचारतील. माझे मामा अजून विचारतात.

बीसीए सोडू नकोस. रिगिंगला प्रोग्रॅमिंग येणारी माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत.

आता गृहपाठ. सोयाबीनचा सीझन सुरू झाला की सकाळी मोंढ्यात जा. हल्ली पन्नास किलोचे कट्टे असतात, तरी चालेल. कुणा हमालाला विचारून, त्याच्या कामात न येता, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घे. चेहरा घेऊ नकोस. आणि जमलं तर त्याला चहा पाज. मग त्यातून फक्त तीन सेकंद निवड आणि टूजवर काढ. छत्तीस चित्रं होतील. काडीचा माणूस चालेल, रंग नको, मागे काही नको. उचलतानाचं काढू नकोस, ते सगळेच काढतात. कट्टा थप्पीवर टाकल्यावर त्याचा खांदा आपोआप थोडा वर येतो आणि मग खाली बसतो, तेवढंच काढून मला पाठव.